भेगेचे दोन काठ

नजीरभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी इस्लामपूरच्या छापखान्यात आमच्या विजयी पत्रकाचं प्रूफ वाचत होतो. 'संघटनेच्या लढ्याला यश! सुरुंग थांबले!' असा मथळा होता. फोन छापखान्याच्या मालकांनी घेतला, दोनदा "काय? कधी?" केलं आणि रिसीव्हरवर हात ठेवून मला म्हणाले, "पलूसचे ते फोटोवाले... तुमचे नजीरभाई. सकाळी दुकान उघडता उघडता गेले म्हणतात." मी प्रूफ खाली ठेवलं नाही. हे लिहायला लाज वाटते, पण खोटं लिहायचं नाही म्हणून लिहितो. मी उरलेल्या चार ओळी वाचल्या, एक चूक दुरुस्त केली, खाली 'छापा' लिहून सही केली आणि मग एसटी स्टँडकडे पळालो. त्या पत्रकात वस्तीतल्या लोकांची नावं होती, संघटनेच्या अध्यक्षांचं होतं, वर-खाली मिळून पाच घोषणा होत्या. नजीरभाईंचं नाव कुठंच नव्हतं. आणि ते पत्रक दुसऱ्या कुणी नाही, मीच लिहिलं होतं.

पोचेपर्यंत दफन होऊन गेलं होतं. शेवटचं तोंड बघायला मिळालं नाही. आठ दिवसांनी शाळेच्या सभागृहात शोकसभा झाली. एक वक्ते म्हणाले, नजीरभाई म्हणजे आपल्या गावचे हौशी कलावंत, सगळ्यांच्या लग्नात हसतमुखानं फोटो काढणारे. हौशी! ज्या माणसाचं पोट त्या कामावर होतं त्याला हौशी म्हणायचं. दुसरे म्हणाले, काळ बदलला तसे भाईही बदलले, कॉम्प्युटर घेतला, आता काय, बटण दाबलं की फोटो बाहेर! सभागृह हसलं. मी मागच्या बाकावर दात खात बसलो होतो. त्याच आठवड्यात एका साप्ताहिकानं त्यांचा फोटो छापला. साप्ताहिकाचा तो पिवळट कागद, त्यावर पचापचा ओतलेली शाई... मिशी आणि ओठ एक झालेले, डोळ्यांच्या जागी दोन काळे ठिपके. उभं आयुष्य माणसांच्या चेहऱ्याची कड सांभाळण्यात घालवलेल्या माणसाला त्याच्याच गावानं असा निरोप दिला. श्रद्धांजली वगैरे मला लिहिता येत नाही. मला पत्रकं लिहिता येतात, आणि ती लिहिणाऱ्याला आवाज चढवायची खोड असते. ती इथेही दिसेल. दिसू दे.

नजीरभाई मुळात फोटोवाले नव्हतेच, ते रिटचिंगवाले. सांगलीच्या एका स्टुडिओत वयाच्या सोळाव्या वर्षी लागले आणि तिथं अठ्ठावीस वर्षं खिडकीशी बसून निगेटिव्हवर पेन्सिल चालवली. नवरीच्या गालावरचा देवीचा वण, नवरदेवाच्या कपाळावरची टेंगळं, मेलेल्या माणसाच्या एकुलत्या एक फोटोवर पडलेली घडी, हे सगळं एका डोळ्याला भिंग लावून, श्वास रोखून काढायचं. रंगीत फोटो आले, लॅब आल्या आणि ती विद्या कुणाला नकोशी झाली. मग ते पलूसला आले, स्टँडच्या मागं दहा बाय बाराचं दुकान टाकलं, पासपोर्ट फोटो आणि लग्नं करू लागले. दोन वर्षांपूर्वी त्यांनी कॉम्प्युटर, स्कॅनर आणि शाईचे थेंब उडवून फोटो छापणारा तो इंकजेट प्रिंटर घेतला, तेव्हा गाव बघायला आलं होतं. लोकांना वाटायचं, यंत्र आलं म्हणजे माणसाचं काम संपलं. भाईंचं मात्र उलट झालं होतं. कोपऱ्यात पडलेलं त्यांचं भिंग पुन्हा बाहेर आलं होतं.

मी त्यांच्याकडे गेलो तो शालनआत्याच्या भिंतीसाठी. आमची वस्ती पलूसपासून सायकलनं अर्ध्या तासावर, माळाच्या उताराला आहे. आमच्या आज्यापणज्यांना गावानं दिलेली जागा, म्हणजे दुसऱ्या कुणाला नको होती ती. छप्पन साली धम्म घेतल्यावर आज्यानं तिथंच दगडविटांची घरं बांधायला सुरुवात केली. आत्याचं घर तिच्या यजमानांनी, आमच्या मामांनी, मिलिटरीतनं सुट्टीवर आलं की एकेक भिंत करत बांधलं. मामा गेले, घर राहिलं. मग माळाच्या वरच्या अंगाला दगडाची खाण आली. रोज दुपारी शिट्टी वाजायची, पाठोपाठ सुरुंग, आणि आत्याच्या मांडणीवरची भांडी एकमेकांवर आपटायची. पहिल्या वर्षी भिंतींना केसासारख्या रेघा आल्या. दुसऱ्या वर्षी आत्याच्या मागच्या भिंतीला, कोनाड्यापासून खाली, एक अशी भेग गेली की तिच्यातून मावळतीचं ऊन आत यायचं. आत्या त्या भिंतीला पाठ लावून भाकरी करायची. मी तिला म्हणायचो, चूल दुसरीकडं मांड. ती म्हणायची, "भित्ताड माझ्या मालकानं बांधलंय. मी का उठू? खाणवाल्यानं उठावं."

कचेरीत अर्ज दिला तर उत्तर आलं, पुरावे जोडा. कुठली कचेरी ते इथं लिहीत नाही, हे छापणाऱ्या संपादकांनी नको म्हटलंय. घरं कुठं पळून चालली नव्हती, साहेबांनी जीपमध्ये बसून यायचं आणि बघायचं, एवढाच पुरावा लागत होता. पण नाही. फोटो जोडा, मजकुरासह जोडा, फाइलला लावता येतील अशा मोठ्या कागदावर जोडा. म्हणून मी नजीरभाईंना वस्तीवर आणलं, त्यांनी रोल संपवून फोटो काढले, लॅबमधून पोस्टकार्ड मापाचे धुऊन आणले, स्कॅनरवर ठेवले, आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर आत्याची भिंत मोठी होऊन आली. तेव्हा ते मला म्हणाले, "आता कागद कंचा?"

मी म्हणालो, "कंचा म्हणजे? झेरॉक्सचा. चाळीस संच पाहिजेत. वस्तीत घरटी एक, बाकी कचेरीला, पत्रकारांना, पुढाऱ्यांना."

"चाळीस नगं. एकच काढू. कोटेड कागदावर काढू."

मी तिथंच भाषण ठोकलं. आमच्या चळवळीत कागदाचा एकच नियम असतो : स्वस्तातला घ्या आणि जास्तीत जास्त हातांत पोचवा. पत्रक गुलाबी कागदावर निघालं काय आणि खाकी कागदावर निघालं काय, शब्द पोचतो. मी त्यांना सांगितलं, "भाई, लढा कागदाच्या गुळगुळीतपणावर चालत नाही." मला हे वाक्य तेव्हा फार आवडलं होतं. नजीरभाईंनी भिंग शर्टला पुसलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "जय भीम, पत्रकवाले. तुझं म्हणणं छापतो." आणि दिवसभर बसून चाळीस संच छापले. त्यांची एक सवय होती, प्रत्येक फोटोच्या पाठीमागं दुकानाचा गोल शिक्का मारायचे. त्या चाळीस संचांच्या पाठी कोऱ्या होत्या. मला वाटलं, विसरले असतील.

सुनावणीला आम्ही वस्तीतले वीसेक जण गेलो. साहेबांनी पहिलं पान उचललं, दुसरं उचललं, आणि भेगेच्या फोटोवर बोट ठेवून म्हणाले, "ही ओल आहे." मी म्हटलं, "साहेब, भेग आहे, बोट जातं आत." ते म्हणाले, "फोटोत तर ओल दिसतेय. कौलं वेळेवर परतून घ्यायची नाहीत, भिंतीत पाणी मुरलं की खाणीच्या नावानं ओरडायचं. तुम्ही लोक..." पुढचं त्यांनी गिळलं, पण 'तुम्ही लोक' हे दोन शब्द आमच्या वीसही जणांनी ऐकले. आत्या माझ्या शेजारी उभी होती. तिनं माझ्या हातातलं पान ओढून घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं... आणि हळूच मला म्हणाली, "आरं, खरंच वल दिसतीया की रं." सांगतो, साहेबांच्या बोलण्यानं मला जेवढा राग आला नाही तेवढा त्या एका वाक्यानं आला. तिच्या स्वतःच्या घराची भेग, रोज पाठीला लागणारी, आणि माझ्या कागदानं तिलाच खोटं पाडलं होतं.

तिथून थेट पलूसला, भाईंच्या दुकानात. जाताच मी सुरू झालो : यंत्रणा विकली गेलीय, साहेब खाणवाल्याच्या खिशात आहे, उद्यापासून धरणं. भाई एका लहान मुलीचा फोटो कापत होते. कापून झाल्यावर कात्री ठेवली आणि म्हणाले, "साहेबानं दिसलं ते सांगितलं. तू दाखवलंस काय?"

"त्यानं येऊन बघायला नको?"

"यायलाच पायजे. पन आला न्हाई. आता? बोंबलत बसतूस, का भेग दाखवतूस?"

मग त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि काय झालं होतं ते दाखवलं. प्रिंटरच्या शाईची बाटली घेतली, टाक बुडवला आणि झेरॉक्सच्या कागदावर एक बारीक रेघ ओढली. भिंग माझ्या हातात दिलं. "बघ, मिशा फुटल्या का?" खरंच, रेघेच्या दोन्ही अंगांना शाई कागदाच्या धाग्याधाग्यानं पसरत चालली होती, रेघ जाड होत होती आणि फिकी होत होती. ते सांगू लागले ते त्यांच्याच शब्दांत देतो, माझ्याच्यानं त्याचं पत्रक होईल : "भेग म्हंजी काय? काळं न्हवं. भेग म्हंजी दोन काठ. हिकडचा काठ आन् तिकडचा काठ, मधी अंधार. कागदानं शाई प्याली की काठ जातो. भित्ताडाचा पिवळा रंग अंधारात शिरतो, अंधार भित्ताडात शिरतो. काठ गेला की भेग गेली, उरली ती वल. साहेबाचं डोळं बराबर हायती, गड्या. तुझा कागद लय तान्हेला हुता."

मी तिथं गप्प बसायला हवं होतं. पण पत्रकवाल्याला गप्प बसता येत असतं तर काय हवं होतं! दुसऱ्या दिवशी मी इस्लामपूरच्या छापखान्यातून आर्ट पेपर उचलून आणला. कुठल्याशा अहवालाच्या मुखपृष्ठातून उरलेला, आरशासारखा चकचकीत, हातात घेतला तर जड. मला वाटलं, तहानलेला नको ना, हा घ्या न पिणारा. भाईंनी कागद उजेडाला धरला, ओठ मुडपले. तोच फोटो त्यावर छापला. पान बाहेर आलं आणि मी नाचायचाच बाकी होतो, एवढी भेग लखलखीत. "आता हात लाव," भाई म्हणाले. मी अंगठा ठेवला आणि सरकवला. कोनाडा, भेग, मांडणी, सगळं माझ्या अंगठ्याखाली तपकिरी राडा झालं.

"बघ, आत्याचं घर पाडलंस," भाई म्हणाले, आणि इतके हसले की त्यांना खोकला लागला. "खाणवाल्याला जे दोन वर्सांत जमलं न्हाई ते तू अंगठ्यानं केलंस की रं!"

छापखान्याचा आर्ट पेपर छापखान्याच्या चिकट शाईसाठी. हे यंत्र पाण्यासारखी पातळ शाई उडवतं. ती त्या चकाकीवर नुसती तरंगते, आत शिरायला जागाच नाही. जिथं पडली तिथल्या तिथं शाईला धरून ठेवणारा, तिला पसरूही न देणारा आणि तरंगतही न ठेवणारा, असा मधला कागद लागतो. त्याच्या एका अंगाला त्यासाठी बारीक लेप असतो, म्हणूनच तो 'कोटेड'. लेपाची बाजू कुठली ते डोळ्यांना कळत नाही. भाई कागदाचा कोपरा खालच्या ओठाला लावायचे. जी बाजू ओठाला किंचित धरून राहील ती छापायची. कॉम्प्युटरलाही कागद कुठला ते सांगावं लागायचं, नाहीतर तो साध्या कागदाच्या हिशेबानं शाई ओतायचा. बटण दाबलं की फोटो बाहेर म्हणणाऱ्या वक्त्यांना एकदा ओठाला कागद लावून उभं करायला पाहिजे होतं.

पण मला भाईंची खरी ओळख पटली ती यानंतर. कोटेड कागदातही प्रकार होते, चकचकीत आणि बिनचकाकीचा. मी म्हटलं, चकचकीत घ्या, उठून दिसेल. ते म्हणाले, आधी बघून येतो. काय बघून येता? एसटीनं कचेरीत गेले, कसलातरी फॉर्म मागायच्या निमित्तानं साहेबांच्या खोलीच्या दारात अर्धा तास उभे राहिले, शिपायानं दोनदा हाकललं तरी उभे राहिले, आणि परत आले. "टेबलावर काच हाय. डोक्यावर दोन ट्यूबा. डाव्या हाताला खिडकी. चकचकीत दिला तर साहेबाला त्यात ट्यूब दिसंल, न्हाईतर सोताचं त्वांड दिसंल. बिनचकाकीचा घेऊ." मी आजपर्यंत शेकडो अर्ज लिहिलेत. तो अर्ज वाचणारा माणूस कुठल्या उजेडात बसतो हा विचार माझ्या डोक्याला एकदाही शिवला नव्हता. आम्ही फक्त बोलत होतो. समोरच्याला ते दिसतंय का, हे एक शाळा न संपवलेला रिटचिंगवाला उन्हातान्हात बघून आला.

कागद कोल्हापुरातून आणला. भाईंनी फोटोही पुन्हा काढले. सकाळचं तिरपं ऊन भिंतीवर येतं त्या वेळेला तिकाटण्यावर कॅमेरा ठेवून, भेगेत एक आगकाडी खोचून, म्हणजे केवढी ते कळावं. आत्या चुलीपाशीच बसून होती. भाई म्हणाले, "आक्का, जरा बाजूला सरता का?" आत्या म्हणाली, "मी सरले तर खाणवाला म्हणंल, घर रिकामंच हाय." भाईंनी मान डोलावली आणि आत्याचा खांदा फोटोत घेतला. एकच संच छापला. प्रत्येक पानाच्या पाठीमागं, एका कोपऱ्यात, गोल शिक्का मारला. तेव्हा मला त्या चाळीस कोऱ्या पाठी आठवल्या. मी विचारलं, तेव्हा शिक्का का नव्हता मारला? "तवा ती तुझी हुती. माझी न्हवती," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या सुनावणीला भाई आमच्याबरोबर आले. मागं भिंतीला टेकून उभे राहिले. साहेबांनी पान हातात घेतलं. चष्मा काढला, पान जवळ घेतलं. मग त्यांनी जे केलं ते मी विसरणार नाही. करंगळीच्या नखानं त्यांनी फोटोतली भेग खरवडून पाहिली. खरोखर! जणू कागदच फाटलाय. खाणवाल्याच्या बाजूनं एक गृहस्थ आले होते, सफारीतले. ते उठून म्हणाले, "साहेब, हे सगळं कॉम्प्युटरचं काम आहे. मागच्या खेपेला ओल होती, या खेपेला भेग? रेघ मारलीय यांनी." माझं डोकं सणकलं. पहिल्यांदा धूसर होतं म्हणून खोटं, आता स्वच्छ आहे म्हणून खोटं! गरिबाच्या भिंतीनं नेमकं किती स्पष्ट फाटावं म्हणजे तुमचा विश्वास बसेल? मी ओरडायला तोंड उघडलं, तोच मागून आवाज आला.

"साहेब, रेघ मारायची म्हनला तर मला येतीया."

सगळे वळले. नजीरभाई पुढं आले. "अठ्ठावीस वर्सं त्येच काम केलंय. नवरीच्या गालावरचं वण काढलं, मेलेल्याच्या कपाळावरची घडी काढली. मी रेघ मारली असती तर ह्यापेक्षा बेस मारली असती, साहेब. सरळ. ही बघा की, कशी वाकडीतिकडी गेलीया, मधीच फाटा फुटलाय, हितं परत मिटलीया. आसली रेघ मानसाला जमत न्हाई. सुरुंगालाच जमती." आणि त्यांनी खिशातून पाकीट काढून निगेटिव्ह टेबलाच्या काचेवर ठेवली. "ही घ्या. खिडकीला धरा. हितं कॉम्प्युटर न्हाई."

साहेब उठले, खिडकीशी गेले, निगेटिव्ह उजेडाला धरली. सफारीवाले गृहस्थ आपली फाइल उगाच चाळत होते. साहेब जागेवर येऊन बसले आणि कारकुनाला म्हणाले, लिहा. स्थळपाहणी होईपर्यंत सुरुंग बंद. आत्यानं काय केलं माहीत आहे? तिनं टेबलावरून तो फोटो उचलायला हात पुढं केला. कारकून म्हणाला, बाई, तो आता कचेरीचा. ती नाराज झाली. भाई तिच्याकडं बघत होते, ते मला आत्ता आठवतंय. तेव्हा मी घोषणा देण्यात गुंतलो होतो.

त्यानंतर तीन आठवड्यांत भाई गेले. आदेशाची नक्कल मला पंधरा दिवसांपूर्वी मिळाली. त्यात लिहिलंय, 'अर्जदारांनी सादर केलेली छायाचित्रे सुस्पष्ट असल्याने.' सुस्पष्ट! कुणी केली सुस्पष्ट? कुठून झाली? सरकारी भाषेत गोष्टी आपोआप होतात. घरं आपोआप फाटतात, छायाचित्रं आपोआप सुस्पष्ट असतात. आणि त्या नकलेला जोडलेले फोटो कचेरीनं झेरॉक्स करून जोडलेत. आत्याची भिंत म्हणजे एक काळा चौकोन. मी कारकुनाला विचारलं, यात काय दिसतं? तो म्हणाला, मूळ फाइलीत आहे ना. मी लेखी मागणी दिलीय की मूळ फोटो फाइलीतून हलवायचे नाहीत, आणि पाहणीला येणाऱ्या साहेबांनी ते बरोबर घेऊन यायचे. पाहणी अजून झालेली नाही. तारीख मागितली की 'कळवू' म्हणतात. सुरुंग बंद आहेत ते 'पुढील आदेशापर्यंत', आणि तो आदेश कधी येईल, कुणाच्या सांगण्यावरून येईल, हे कुणीच सांगत नाही. आणि मी मूर्खानं 'यश' म्हणून पत्रक छापलं.

गेल्या रविवारी ती नक्कल दाखवायला वस्तीवर गेलो. आत्या भाकरी करत होती, त्याच भिंतीपाशी. मी आदेश वाचून दाखवला. 'पुढील आदेशापर्यंत' म्हणजे काय ते समजावलं. म्हटलं, उद्या ते म्हणाले की तुमची भेग जुनीच होती, वाढत नाही, सुरुंगानं काही होत नाही, तर? किंवा चोरून सुरुंग लावले आणि वाढली, तर आपण काय सांगणार, कशावरून वाढली? आत्यानं तव्यावरची भाकरी उलटली. हात पुसले, उठली, आणि कोनाड्याच्या वरच्या फळीवरून वर्तमानपत्रात गुंडाळलेली सुरळी काढली.

चार पानं एकाखाली एक चिकटवलेली होती. बिनचकाकीचा कागद. वर कोनाड्याची कड, खाली भेग, फाट्यासकट, टोकापर्यंत. मी बघतच राहिलो. आत्यानं ती पट्टी भिंतीवर, भेगेच्या शेजारी, लावून धरली. कोनाड्याची कड कोनाड्याच्या कडेशी जुळली. फाटा फाट्यासमोर आला. फोटो भिंतीएवढाच होता, इंचाला इंच.

"हे भाईंनी कधी दिलं?"

"तू तिकडं घोषणा देत फिरत हुतास तवा. सुनावणी झाल्यावर चार दिसांनी आलं हुतं. सुतळीनं सगळं भित्ताड मोजून न्हेलं, परत आलं, ह्ये दिलं. म्हनलं, 'आक्का, कचेरीचा फोटो कचेरीला ऱ्हाऊ द्या. ह्यो तुमचा. रोज सकाळी लावून बघायचा. फोटोच्या म्होरं भेग गेली की त्या दिवसाची तारीख भित्ताडावर लिवायची. तुमास्नी कुनाला इचारायची गरज न्हाई.'"

"मला का नाही सांगितलं त्यांनी?"

आत्या हसली. नजीरभाई गेल्यापासून तिला मी पहिल्यांदाच हसताना बघितलं. "म्हनलं, 'त्या पत्रकवाल्याला बोलू नगा. चार कागद एका बाईपायी घालीवलं म्हनंल, आन् माझ्यावरच पत्रक काढंल.'"

तिनं पट्टी तशीच एका हातानं धरून ठेवली, दुसऱ्या हाताचं बोट भेगेवरून खाली नेत आली, फाट्यापाशी थांबली, मग टोकापाशी. तिथं भिंतीवर कुठलीच तारीख लिहिलेली नव्हती. "तेवढीच हाय," ती म्हणाली. मग सुरळी करून वर्तमानपत्रात गुंडाळली, फळीवर ठेवली, आणि करपायला लागलेली भाकरी तव्यावरून काढली.